फायरवॉल आणि निमूचं चालणं

आमच्या घरात भुताखेतांच्या गोष्टी सांगायला बंदी होती आणि ती बंदी मीच घातली होती. मुक्ता, अर्णव, तुम्हाला आठवत असेल... सुट्टीत बोईसरला आलात की शेजारच्या मुलांकडून काहीबाही ऐकून यायचात आणि मी विचारायचे, "कुणी पाहिलं? किती वाजता? उजेड किती होता?" अर्णव चिडून म्हणायचा, "आजी, तू सगळी मजा घालवतेस."

मी तीस वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात लॅबची रजिस्टरं सांभाळली. घड्याळ बघायचं, आकडा वाचायचा, तिथल्या तिथे लिहायचा, मग पुढची पायरी. मागाहून आठवून लिहिलेल्या आकड्याला आमच्याकडे किंमत नव्हती. अशा बाईने या ग्रुपवर, जिथे लोक चिंचेवरच्या बायका आणि बंद बंगल्यातली पावलं यांच्याबद्दल लिहितात, तिथे काही लिहावं हे माझं मलाच पटत नाही. पण मुक्ता म्हणाली, "आजी, लिही. मला पाठव आणि ग्रुपवरही टाक. इतके लोक वाचतील, कुणाला तरी उत्तर सुचेल." म्हणून लिहिते आहे. वही समोर ठेवून लिहिते आहे.

तर अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची मोठी बहीण. वय सत्त्याऐंशी. एडवणला केळीच्या वाडीला लागून त्यांचं घर. गेल्या पावसाळ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या खाटेवरच होत्या. त्यांचं सगळं भारती करायची. ही मांगेलआळीतली, चाळिशीची बाई. सकाळी सुके बोंबील विकायची आणि अकरा वाजल्यापासून अक्कांकडे. मी बोईसरहून आठवड्यातले दोन दिवस जायचे — शटल गाडीने सफाळे स्टेशन, तिथून शेअर रिक्षा.

अक्कांना एकच मुलगी होती. निमू. तुमच्या बाबांनाही ती अंधुकच आठवते. बावीस वर्षांची असताना तापाने गेली, चार दिवसांत. तिचा एकच फोटो अक्कांच्या भिंतीवर आहे, लग्नासाठी दाखवायला म्हणून पालघरच्या स्टुडिओत काढलेला — ताठ बसलेली, ओठ मिटलेले, हात गुडघ्यांवर.

फेब्रुवारीत एका दुपारी मी अक्कांची वेणी घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "सुधा, मला तिचं चालणं आठवत नाय."

"कुणाचं, अक्का?"

"निमूचं. तोंड दिसतं, फोटो हाय ना. पण ती चालायला लागली की काय दिसतच नाय. रोज डोळे मिटून बघते. बसलेलीच दिसते."

मी वेणी घालता घालता थांबले. मलाही आठवेना. पण मला दुसरं काहीतरी आठवलं. आमच्या बोईसरच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा आजोबांनी व्हिडिओवाला बोलावला होता. त्या कॅसेटमध्ये निमू आहे. स्वयंपाकघरातून ताट घेऊन येते आणि हॉल ओलांडून दारापर्यंत जाते, असं मला अगदी स्पष्ट वाटत होतं. आजोबांनी जाण्याआधी सगळ्या कॅसेट टीव्हीला जोडलेल्या खोक्यातल्या डिस्कवर घालून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "अक्का, मी दाखवते तुम्हाला. चालताना दाखवते."

हे वचन मी न तपासता दिलं. कारखान्यात असं कधी केलं नसतं.

अक्कांचा टीव्ही जुना, मोठ्या पोटाचा. त्याला काहीही जोडता येत नाही. मुक्ताने परदेशातून उपाय सांगितला की घरचा टीव्ही फोनवर दिसतो. त्या खोक्यातच सोय आहे, बोईसरच्या टीव्हीवर जे लागेल ते एडवणला माझ्या फोनवर, आणि डिस्कवरची फाइलही फोनवरूनच लावता येते. तिने व्हिडिओ कॉलवर सांगून माझ्याकडून ॲप घालून घेतलं. घरातल्या वायफायवर ते लगेच चाललं. मात्र मी वायफाय बंद करून गच्चीवर गेले, बाहेरून बघतोय असं समजून, तर फोनवर एक वाक्य आलं: कनेक्शन होऊ शकले नाही. फायरवॉल सेटिंग तपासा.

हे वाक्य मी पुढच्या आठ दिवसांत इतक्या वेळा वाचलं की आता झोपेत म्हणून दाखवीन.

ग्रुपवरच्या वाचकांसाठी सांगते — फायरवॉल म्हणजे आपल्या इंटरनेटच्या दारावरचा वॉचमन. बाहेरून कुणी आलं की अडवतो. आपण त्याला सांगायचं असतं की अमुक नंबरच्या दाराने माझा फोन येईल, त्याला आत सोड. सांगायला एवढंच. पण आमच्याकडे वॉचमन दोन निघाले, एक खोक्यात आणि एक राउटरमध्ये. एकाला समजावलं की दुसरा अडवायचा. मुक्ता व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "आजी, ॲडव्हान्स्डमध्ये जा." मी जायचे. "आता तिथे काय दिसतं?" मी वाचून दाखवायचे. "असं नसायला पाहिजे," ती म्हणायची. तीन संध्याकाळी हेच. मी प्रत्येक बदल वहीत लिहिला, जुना आकडा, नवा आकडा, वेळ, परिणाम. परिणामाच्या रकान्यात सगळीकडे 'नाही'.

इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, हमारी साइड से सब क्लियर है. आपके फायरवॉल का प्रॉब्लेम है."

"तो कसा काढायचा ते सांगा ना."

"वो आपकी साइड से होगा, मॅडम."

शेवटी रविवारी रात्री मुक्ताला काहीतरी सापडलं. सोमवारी सकाळी साडेसहाला मी गच्चीवर गेले, वायफाय बंद केलं आणि फोनवर चक्क बातम्या दिसल्या. आमच्याच टीव्हीवरचं बातम्यांचं चॅनल. वहीत 'हो' लिहिलं. वास्तुशांतीची फाइल त्या दिवशी लावली नाही. ती मी आदल्या आठवड्यात टीव्हीवर उघडून पाहिली होती. सुरुवातीलाच तुमचे आजोबा सोवळं सावरत पाटावर बसताना दिसले, आणि मी बंद केली. नाव बरोबर होतं — वास्तुशांत, भाग एक. तेवढं मला पुरलं.

सात वाजता भारतीचा फोन. "मावशी, आज या तुमी. अक्का कालपासून तोंड उघडत नाय. दोन चमचे पेज गेली फक्त." मी पिशवी भरली, घर बंद केलं आणि निघाले.

एडवणला अक्कांच्या घरात फोनला रेंज फक्त मागच्या पडवीत. सोमवारी दुपारी मी आणि भारतीने खाट उचलून पडवीत आणली. अक्का उन्हाने डोळे बारीक करून बघत होत्या. मी फोन तांब्याला टेकवून ठेवला, ॲप उघडलं.

कनेक्शन होऊ शकले नाही. फायरवॉल सेटिंग तपासा.

सकाळी चालत होतं. सहा तासांत काय झालं? मुक्ताला मेसेज, तिकडे मध्यरात्र. ऑफिसातल्या माणसाला फोन. "हमारी साइड से क्लियर है." मंगळवारी पुन्हा. मुक्ताने ॲप काढून परत घालायला लावलं. पासवर्ड बदलला. फोन बंद करून चालू केला. मी वाडीच्या टोकाला, केवड्याच्या बेटापाशी जाऊन उभी राहिले, तिथे पूर्ण रेंज येते. काही उपयोग नाही. येताना पायात काटा गेला तो वेगळाच.

भारती माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, बोईसरला जाऊन तो टीव्हीच डोक्यावर घेऊन आल्या असत्या ना, तर आतापर्यंत दोनदा बघून झालं असतं."

"टीव्ही नाही गं, नुसती डिस्क आणली असती तरी..."

"मग आणा की."

"एवढं सगळं जमवलंय मी, भारती. एक आकडा कुठेतरी चुकतोय."

"तुमचा आकडा सापडेपर्यंत म्हातारी थांबेल का ते इचारा."

ती बरोबर होती. पहिल्या दिवशीच मी डिस्क आणायला जायला हवं होतं, जाऊन-येऊन चार तासांचं काम. पण मला त्या वाक्याला हरवायचं होतं. हे तुम्हाला खरं सांगायला हवं म्हणून लिहिते — त्या दोन दिवसांत मला निमूपेक्षा त्या फायरवॉलचा जास्त विचार होता.

बुधवारी अक्का फारच गळल्या. संध्याकाळी मी ओठांना ओला कापूस लावत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "सुधा, तिला पाय होते ना?"

"होते की, अक्का. असं काय विचारता?"

"दिसत नाय गं."

मी ठरवलं, शुक्रवारी सकाळच्या शटलने जायचं आणि डिस्क घेऊन यायची. गुरुवारी डॉक्टर येणार होते म्हणून गुरुवारी नाही.

गुरुवारी डॉक्टर तीन वाजता येऊन गेले. जाताना मला दारापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, "ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवा." भारतीने अक्कांचं अंग पुसलं, साडी बदलली. खाट पडवीतच होती. मी कसलीही आशा न ठेवता, केवळ रागाने, फोन तांब्याला टेकवला आणि ॲपवर बोट ठेवलं.

गोल फिरायला लागला. फिरतच राहिला... आणि चित्र आलं.

बातम्या नाहीत. आमचा हॉल. तेव्हाच्या पिवळ्या भिंती, दाराला आंब्याची पानं, खाली सतरंजी. स्वयंपाकघराच्या दाराशी निमू बसली होती, हिरव्या साडीत, मांडीवर फुलांची परडी. आवाज नव्हता. भारतीने अक्कांच्या पाठीमागे हात घालून त्यांना वर केलं. "अक्का, बघा. बघा इकडे."

निमूने परडी खाली ठेवली, एक हात जमिनीवर टेकला आणि ती उठली. हे मी पाहिलं. साडीची निरी एका हाताने वर धरून उठली.

त्यानंतर मी वही उघडली. कारण मला वाटलं, आता जोडलं गेलंय तर कसं जोडलं गेलं ते याच क्षणी लिहिलं पाहिजे, म्हणजे उद्या परत लावता येईल. माझ्या वहीत त्या पानावर असं आहे: गुरुवार. ४.१०. जोडले. मोबाइल डेटा. रेंज दोन दांड्या. सेटिंग सोमवारचेच, बदल नाही. मी चष्मा वर करून स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचत होते, लिहीत होते, पुन्हा वाचत होते. माझ्या कानावर फक्त बोलणं येत होतं.

"टाच," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज कित्येक दिवसांनी एवढा मोकळा होता. "टाच टेकत नाय बघ तिची."

"हो ना," भारती म्हणाली, "बाय, कशी चालते ती. वाडीतल्या पाटाच्या पाण्यातनं चालावं तशी. पाय वर, वर."

"लहानपणापास्नं. ओरडायचे मी. पोरी, जमिनीला टेकव की पाय..." आणि त्या हसल्या.

"परत आली बघा. आता कुणाला हाक मारते?"

"मलाच मारते. माझ्याकडेच येते."

मी वर पाहिलं तेव्हा ४.२१ झाले होते आणि स्क्रीनवर ते वाक्य होतं. कनेक्शन होऊ शकले नाही.

अक्कांनी त्या संध्याकाळी अर्धी वाटी पेज घेतली आणि शांत झोपल्या. मी अर्थातच समाधानी नव्हते. अकरा मिनिटांत तुटतं म्हणजे काय? शुक्रवारी ठरल्याप्रमाणे पहिली शटल पकडून बोईसरला गेले. डिस्क न्यायची आणि जाता जाता राउटरही बघायचा.

दार उघडलं, दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. मला वाटलं, दुरुस्तीसाठी वीज गेली असेल. पण जिन्यातला बल्ब जळत होता, शेजाऱ्यांचा मिक्सर चालू होता. मी मीटरच्या कपाटाचं दार उघडलं.

मेन स्विच बंद होता.

वही काढली. सोमवार, सकाळी ७.४०, माझंच अक्षर: गॅस बंद. नळाचा कॉक बंद. मेन स्विच बंद. त्याखाली मीटरचा आकडा. चाळीस वर्षं घर बंद करून जाताना मी हेच करते. सवयीने केलं, सवयीने लिहिलं, आणि चार दिवस बंद घरातल्या बंद खोक्याला फोन लावत बसले. मीटर पाहिला. आकडा सोमवारचाच होता. किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नाही. इन्व्हर्टर आम्ही आजोबा गेल्यावर काढून टाकला.

मी मुक्ताला फोन लावला. ती आधी पोट धरून हसली. "आजी, तू इतके दिवस फायरवॉलशी भांडत होतीस आणि घरात लाइटच नव्हती?"

"हो."

"वेडी आहेस तू," ती म्हणाली. मग हसणं थांबलं. "पण आजी... मग काल काय दिसलं?"

ती हुशार आहे, तिला लगेच उत्तर सुचलं. म्हणाली, सोमवारी गच्चीवर जोडलं गेलं तेव्हा फोनने थोडा भाग साठवून ठेवला असेल, तोच काल दिसला. मलाही बरं वाटलं. मी म्हटलं, सोमवारी मी बातम्याच लावल्या होत्या. ती म्हणाली, कधीकधी ॲप पुढची फाइलही आपोआप आणून ठेवतं. ठीक. मग मी मेन स्विच लावला आणि टीव्हीसमोर हातात पेन घेऊन बसले.

वास्तुशांतीचे भाग तीन आहेत. एक तास चाळीस मिनिटं. या वेळी आजोबा दिसले तरी बंद केलं नाही. निमू चार वेळा दिसते. भाग एकमध्ये, हिरव्या साडीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, मांडीवर फुलांची परडी — अगदी तेच. व्हिडिओवाला तिच्यावर जरा रेंगाळतो, ती लाजून मान खाली घालते, आणि कॅमेरा भटजींकडे वळतो. बस. पुढे दोनदा बायकांच्या घोळक्यात, बसलेली. शेवटी पंगतीत, बसलेली. ती कुठेही उठत नाही. ताट घेऊन येते ती आमच्या शेजारच्या काकूंची मुलगी. माझ्या डोक्यात दोघींची सरमिसळ झाली होती. मी तीनही भाग दुसऱ्यांदा पाहिले. मग तिसऱ्यांदा, सावकाश करून.

जे डिस्कवर नाहीच, ते फोन साठवणार कुठून?

ॲपमध्ये कधी जोडलं गेलं त्याची यादी असते. मुक्ताने ती उघडायला शिकवली. शेवटची नोंद सोमवार, सकाळी साडेसहा. गुरुवार नाही.

डिस्क घेऊन मी संध्याकाळी एडवणला परत गेले. रिक्षात पूर्ण वेळ एकच काळजी होती... अक्का म्हणतील, परत लाव, आणि मी काय दाखवणार? बसलेली निमू? घरात पाय ठेवल्या ठेवल्या भारतीला बाजूला घेतलं. विचारलं, "काल तू नक्की काय पाहिलंस? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

"ती पोरगी उठली, दारापर्यंत गेली, परत आली. पदर खोचलेला. टाचा वर." भारती लग्न होऊन या गावात आली तेव्हा निमू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने फोटोपलीकडे निमूला कधी पाहिलेलं नाही. "का वो मावशी? असं का इचारता?"

मी अक्कांपाशी जाऊन बसले. म्हटलं, "अक्का, डिस्क आणली आहे, पण..."

"आता कशाला ती?" अक्का म्हणाल्या. "पायलं ना मी. आता डोळे मिटले तरी चालते."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटपर्यंत फोन मागितला नाही. गेल्या त्या दिवशी दुपारी भारतीला म्हणाल्या, जरा बाजूला हो, तिला येऊ दे — हे भारतीने सांगितलेलं आहे, मी त्या वेळी औषध आणायला गेले होते, म्हणून ते वेगळं लिहिते.

मुक्ता अजून उत्तर शोधते आहे. तिच्या ऑफिसातल्या दोघांना तिने वहीच्या त्या पानाचा फोटो दाखवला. एकाने फायरवॉल सेटिंग विचारली. मी त्यानंतर कितीतरी गुरुवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, मेन स्विच चालू ठेवून आणि बंद ठेवून, दोन्ही तऱ्हेने लावून पाहिलं. चालू असला की बातम्या दिसतात. बंद असला की ते वाक्य. ग्रुपवरच्या कुणाला या विषयातलं कळत असेल तर कृपया सांगा. पान मी पाठवीन, सगळे आकडे त्यावर आहेत.

अर्णव, तू परवा फोनवर विचारलंस, "आजी, पण तू स्वतः काय पाहिलंस?" मी तिला उठताना पाहिलं. पुढची अकरा मिनिटं ती माझ्यापासून हातभर अंतरावर चालत होती, आणि मी रेंजच्या दांड्या मोजत होते. दोन होत्या. ते वहीत आहे.